मुक्ती मिशनच्या आकड्यांमागची माणसे

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल महिन्यात पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी (५ एप्रिल) आणि जयंती (२३ एप्रिल) अशा दोन्ही तारखा येतात आणि त्या निमित्ताने मराठी वृत्तपत्रांत त्यांच्यावर काही ना काही छापून येते. या लेखनात एक गोष्ट मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. एका प्रकारच्या लेखात रमाबाई म्हणजे केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिका, निराधार स्त्रियांच्या तारणहार आणि ख्रिस्ती सेवाभावाचा आदर्श असतात. दुसऱ्या प्रकारच्या लेखात त्याच रमाबाई परदेशी पैशाच्या बळावर दुष्काळातल्या मुलींना बाटवणाऱ्या ठरतात. दोन्ही लेखकांचा सूर वेगळा असला तरी नजर एकच असते. दोघांनाही ‘मिशन’ दिसते, किती मुली आल्या आणि त्यांतल्या किती ख्रिस्ती झाल्या याचे आकडे दिसतात. ज्या बाईने हे केले ती आणि जिच्यासाठी केले ती, या दोघी मात्र लेखात शोधूनही सापडत नाहीत.

मी ख्रिस्ती नाही. वारकरी घरात वाढलो आणि दौंड तालुक्यात शिक्षक म्हणून निवृत्त झालो. केडगाव आमच्याच तालुक्यात असल्यामुळे मुक्ती मिशन ही आमच्यासाठी पुस्तकातली गोष्ट कधीच नव्हती. तरीही या पत्रात मी स्वतःच्या आठवणी सांगणार नाही. जे छापील कागदपत्रांतून कोणालाही वाचता येते, त्याच्याच आधारे मला एवढे म्हणायचे आहे की ख्रिस्ती करुणेच्या कोणत्याही कामाचा न्याय करण्याआधी, मग तो कौतुकाचा असो वा आक्षेपाचा, त्या कामामागची माणसे एकेकटी पाहिली पाहिजेत. रमाबाईंचे उदाहरण यासाठी घेतो की त्यांच्याइतकी स्वतःची बाजू स्वतःच लिहून ठेवणारी दुसरी व्यक्ती या क्षेत्रात विरळ.

रमाबाईंच्या करुणेचा आरंभ कोणत्याही चर्चमध्ये झाला नाही, भुकेत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान, पण त्यांचे कुटुंब पुराण सांगत तीर्थांमागून तीर्थे हिंडणारे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात पडलेल्या दुष्काळात आधी वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, पुढे थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. पुढे त्या दिवसांविषयी लिहिताना त्यांनी एक गोष्ट निर्दयपणे नोंदवली आहे. आपण शास्त्रे शिकलो, हजारो श्लोक पाठ केले, पण पोट भरण्यासाठी हाताने करायचे कोणतेही काम आपल्याला शिकवले गेले नव्हते, आणि जातीच्या अभिमानामुळे अंगमेहनत करणे किंवा भीक मागणेही जमेना. केडगावला दुष्काळातून आलेल्या प्रत्येक मुलीला विणकाम, शेती, स्वयंपाक, छपाई असे काही तरी हातचे काम आलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह कोठून आला असेल, याचे उत्तर कोणत्याही मिशनच्या धोरणात शोधावे लागत नाही. आईबाप डोळ्यांदेखत उपाशी गेलेल्या मुलीचा तो आग्रह होता.

भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघे हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्याविषयी बहुतेक लेखांत सविस्तर लिहिलेले असते, म्हणून मी पुढे जातो. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती. म्हणजे ज्या विधवांच्या शिक्षणासाठी पुढे रमाबाईंचे शारदासदन निघाले, त्यांच्यात रमाबाई आधी स्वतः एक होत्या. वरून खाली वाकून मदत करणारी कोणी वेगळीच बाई त्यांच्या चरित्रात कुठेही आढळत नाही.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा बेत होता, पण कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्या राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी लहान मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ताकडे कसे वळलो हे त्यांनी १९०७ साली स्वतः लिहून ठेवले आहे. त्यात सिद्धान्तांच्या चर्चेपेक्षा एका भेटीला जास्त जागा आहे. लंडनजवळच्या फुलहॅम येथे या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या, ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी एक आश्रय चालवत. तिथे रमाबाईंना कळले की एके काळी स्वतः त्याच अवस्थेत असलेल्या काही स्त्रिया आता इतरांची सेवा करत आहेत. अशा बायकांना जवळ करण्याची ही बुद्धी कोठून येते, असे त्यांनी तिथल्या एका भगिनीला विचारले. तिने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखवला.

ती गोष्ट ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. यहुदी माणसाने शोमरोन्यांशी बोलू नये असा त्या काळचा विटाळ, त्यात ही बाई, आणि तिचे आयुष्यही लोकांच्या तोंडी झालेले. येशू तिला उपदेश करण्यापूर्वी तिच्याकडे पाणी मागतो. आपल्या पंक्तिप्रपंचाच्या समाजात वाढलेल्या ब्राह्मण मुलीला या एका मागण्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्याला तहान आहे तो देणारा नसतो, घेणारा असतो. म्हणजे त्या भेटीत बाई ही दयेची वस्तू उरत नाही, तिच्याकडेही देण्यासारखे काही आहे असे आधी मान्य केले जाते. माझ्या मते रमाबाईंच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाचा गाभा या प्रसंगात आहे, आणि त्याकडे पाहिल्याशिवाय केडगावचा एकही आकडा नीट वाचता येत नाही.

ज्या भगिनींनी त्यांना ख्रिस्त दाखवला, त्यांच्याशी रमाबाईंचे पटत होते असे मात्र समजू नये. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार म्हणजे प्रेम आणि भांडण यांचे असे मिश्रण आहे की वाचताना कधी हसू येते, कधी धाप लागते. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेले पक्वान्नही त्यांनी नाकारले, आणि याला हटवादीपणा म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तरे दिली. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असे त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना तरुण पुरुषांना त्यांनी शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा ज्या बिशपांनी त्याला हरकत घेतली त्यांनाही त्यांनी सोडले नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटून आलेली मी आता दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देणार नाही, अशा आशयाचे त्यांनी १८८५ साली कळवले. परदेशी मिशनच्या हातातले बाहुले असे त्यांचे वर्णन करणाऱ्यांनी ही पत्रे एकदा तरी चाळावीत, एवढीच माझी विनंती आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेच ती १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आहेत.

पण या पत्रव्यवहारात मला रमाबाईंइतक्याच सिस्टर जेराल्डिनही दिसतात. त्या पुण्यात काम करून प्रकृतीमुळे परतलेल्या, श्रद्धेने कडक, काही बाबतींत संकुचित आणि मनोरमेवर अतोनात माया करणाऱ्या. मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणे आणि रमाबाईही पत्रांत त्याच नावाने त्यांना हाक मारीत. ज्या पत्रांत आपल्यावर इतकी सडेतोड टीका आहे ती जाळून टाकणे किंवा गाळणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ती जपली, लावून ठेवली, पुढे कोणी चरित्र लिहील म्हणून सांभाळली. त्यांच्या अनेक मतांशी माझे जुळत नाही, तरी एवढा प्रामाणिकपणा दाखवणाऱ्या बाईला केवळ ‘साम्राज्यवादी मिशनरी’ या खणात टाकून देणे मला जमत नाही.

याच वाँटेजमधली एक काळी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती बहुधा वगळली जाते. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण इंग्लंडला गेली होती. तिथे तिच्या मनाचा तोल गेला, आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती करतील या भीतीने तिला ग्रासले, आणि रमाबाईंच्या बाप्तिस्म्याच्या थोडेच आधी तिने आत्महत्या केली. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली असे म्हणण्यास आधार नाही. पण सेवाभावाने भरलेल्या घरातही एखादे माणूस इतके एकटे पडू शकते, की शेजारच्या खोलीतल्या दयेचेच त्याला भय वाटावे. आनंदीबाईंना वगळून लिहिलेले रमाबाईंचे गुणगान मला अपुरे वाटते, आणि त्यांचा उपयोग केवळ रमाबाईंवर दगड मारण्यासाठी करणे तर त्याहून वाईट वाटते.

आता शारदासदनाविषयी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ते सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे कोकणातली बालविधवा गोदूबाई जोशी. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे, झाली. बाया ख्रिस्ती झाल्या नाहीत. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी त्यांनी दारोदार वर्गणी गोळा केली. पुढे त्यांचे आत्मचरित्र झाले, म्हणून त्या आपल्याला माणूस म्हणून दिसतात. त्यांचा हट्ट, त्यांची थट्टा, रमाबाईंविषयीची त्यांची ओढ आपल्यापर्यंत पोहोचते. हिंगण्याचे काम एका ख्रिस्ती बाईच्या घरात शिकलेल्या हिंदू विधवेच्या पायपिटीवरही उभे आहे, हे दोन्ही बाजूंच्या हिशेबात नीट बसत नाही, म्हणून ते सहसा सांगितले जात नाही.

१८९३ चा वाद सर्वांना ठाऊक आहे. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली तिथे जाऊन बसत, यावरून पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’ने आघाडी उघडली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील या शब्दावर ज्यांनी मुली पाठवल्या होत्या, त्यांची फसवणूक झाल्याची भावना मला खोटी वाटत नाही. रानडे आणि भांडारकर हे काही संकुचित लोक नव्हते. दुसरीकडे, स्वतःच्या खोलीचे दार लावून प्रार्थना करा, असे एका बाईला तिच्याच घरात सांगणे मला रुचत नाही. पण या सगळ्यात जी गोष्ट अधिक बोचते ती अशी की त्या खडाजंगीत बोलणारे बहुतेक सगळे पुरुष होते, आणि ज्यांच्यावरून वाद चालला होता त्या मुलींपैकी कोणी दारात का जाऊन बसत असे, हा प्रश्न फारच थोड्यांना पडला. कोणी श्रद्धेने, कोणी कुतूहलाने गेली असेल, आणि दिवसभरात मायेने बोलणारी तेवढी एकच बाई भेटते म्हणूनही कोणी गेली असेल.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. अन्नछत्रे आणि दुष्काळी छावण्यांत त्यांनी पाहिले की उपासमारीइतकाच दुसरा धोका तरुण मुलींच्या वाट्याला आला आहे. छावण्यांभोवती त्यांना पळवणारे, विकत घेणारे फिरत होते आणि काही ठिकाणी रखवालदारच त्यांत सामील होते. तिथून त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या जणींना ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगावच्या शेतावर, जे मुळात संस्थेला फळबागेचे उत्पन्न मिळावे म्हणून घेतले होते, तंबू ठोकले गेले. १८९८ मध्ये मुक्तिसदनाची इमारत उभी राहू लागली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथल्याही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

इथेच ती आकड्यांची सवय सुरू होते. परदेशी पाठीराखे म्हणू लागले, इतके आत्मे तारले गेले. पुण्यातले विरोधक म्हणू लागले, इतक्या हिंदू मुली गेल्या. बाजारात गुरे मोजावीत तशी दोघांनीही डोकी मोजली. त्या काळच्या मिशनच्या वार्तापत्रांत दुष्काळग्रस्तांची छायाचित्रे छापली जात, हाडांचे सापळे झालेली मुले ओळीने बसवून, खाली नावे नाहीत. ती पाहून देणगी आली आणि देणगीने ती मुले जगली, हे मी नाकारत नाही. तरी आपला फोटो असा परक्या देशात हिंडावा, याला त्या मुलीची संमती कोण विचारणार होते? करुणेच्या नावाखाली झालेले हे न पाहणे मला तितकेच सलते जितके विरोधकांचे. धर्मांतराचा प्रश्नही मी टाळू इच्छित नाही. शारदासदनापेक्षा केडगाव उघडपणे ख्रिस्ती होते, १९०५ मध्ये तिथे झालेल्या धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटेत शेकडो मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत असत, आणि जेवण, छप्पर व शाळा एकाच हातातून मिळत असताना नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य कितपत उरते, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र तो विचारणाऱ्याने ती मुलगी दुसरीकडे कुठे जाणार होती, हेही विचारावे. तिचे आईबाप मेले होते किंवा त्यांनी तिला सोडले होते, आणि तिच्या धर्माची काळजी वाहणारे छावणीच्या फाटकाबाहेर उभे नव्हते. तिथे दुसरेच कोणी उभे होते.

रमाबाईंना त्यातली एकेक मुलगी दिसत होती, याला एक चांगला पुरावा आहे, आणि तो योगायोगाने वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्राचाच आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सरकारने जी सक्ती केली, तिच्यात रमाबाईंच्या आश्रमातील एका मुलीला विलगीकरणात नेण्यात आले आणि तिथल्या एका रखवालदाराच्या हाती तिची दुर्गती झाली. रमाबाईंनी हे ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून उघड केले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते चुकीचे आणि दिशाभूल करणारे असल्याचे जाहीर केले, तरी त्या मागे हटल्या नाहीत. विचार करा, ज्या बाईला पुण्यातील सनातनी ‘सरकारधार्जिण्या ख्रिस्त्यांची’ म्हणत, ती शेकडो मुलींची व्यवस्था लावण्याच्या धांदलीत एका मुलीसाठी राज्यपालाशी भांडत होती. ज्यांना संस्था चालवायची असते ते साधारणपणे असे करत नाहीत. संस्था वाचवायची तर सरकारशी गोड बोलावे लागते.

आता उरलेल्यांविषयी, म्हणजे ज्यांचे नाव कोणत्याच बाजूच्या हिशेबात येत नाही त्यांच्याविषयी. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, साध्या बायकांना वाचता यावे म्हणून. हे काम त्यांनी मृत्यूपर्यंत चालवले. पण त्या बायबलचे खिळे जुळवले कोणी, मुद्रिते कोणी काढली, पाने कोणी बांधली? मुक्तीच्याच छापखान्यातल्या बायकांनी. दुष्काळात मरणाच्या दारातून आलेली एखादी मुलगी पंधरा वर्षांनी ओळीत अक्षरे बसवत होती आणि अंध मुलींना शिकवणारी दुसरी कोणी ब्रेलवर बोट फिरवत होती. कृपासदनात, म्हणजे ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठीच्या केडगावच्या आश्रयात, नव्याने आलेल्या स्त्रीच्या अंथरुणाशी तिसरी बसलेली असे, आणि बहुधा तीही त्याच वाटेने आलेली असे. फुलहॅममध्ये रमाबाईंनी जे पाहिले होते ते केडगावला असे उतरले. याला ख्रिस्ती सेवा म्हणायचे तर ती सेवा करणाऱ्या बहुसंख्य बाया मराठी, हिंदी आणि गुजराती बोलणाऱ्या, शेतकरी आणि मजूर घरांतल्या होत्या. ‘परदेशी मिशनरी’ हे शब्द त्यांच्या अंगावर बसत नाहीत.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ख्रिस्तेतरांनाही माहीत असते. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला तो उचलतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार देऊन पुढच्या प्रवासाला निघून जातो. पुढे जखमा रोज धुणे, भरवणे आणि रात्री उठून पाणी देणे हे सगळे त्या उतारशाळेवाल्याने केले असणार, पण त्याच्यावर कोणी प्रवचन करत नाही. आपल्याकडच्या मिशन इस्पितळांचा आणि आश्रमांचा इतिहास बहुतांशी अशाच उतारशाळेवाल्यांचा आहे. त्यात परिचारिका आहेत, कंपाउंडर आहेत, ‘बायबलबाई’ आहेत, स्वयंपाकीण आहे, रात्रपाळीचा वॉर्डबॉय आहे. स्मरणिका निघते तेव्हा मुखपृष्ठावर संस्थापकाचे छायाचित्र येते, आणि यांचा उल्लेख ‘कर्मचारीवृंद’ या एका शब्दात उरकतो.

मनोरमेविषयीही या संदर्भात थोडे सांगायला हवे. आईच्या कामापायी तिच्या बालपणातला बराच काळ आईपासून दूर, परक्या देशातल्या भगिनींकडे गेला. मोठी झाल्यावर तीच आईचा उजवा हात झाली, शारदासदनाची शाळा सांभाळली, गुलबर्ग्याला शाळेचे काम उभे केले, आणि १९२१ च्या जुलैमध्ये, चाळिशीत, आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर सुमारे साडेआठ महिने जगल्या. दुसऱ्यांच्या लेकींना आई मिळावी म्हणून एका लेकीने काय दिले, याचा हिशेब कोणत्याही अहवालात नसतो.

संपादक महोदय, आता आजच्या वृत्तपत्रांविषयी थोडे. नाताळच्या आठवड्यात अनाथाश्रमातील मुलांना लाल टोप्या घालून, हाती खाऊचा पुडा देऊन, मागे देणगीदाराचा फलक लावून काढलेली छायाचित्रे सर्वत्र छापली जातात. ख्रिस्ती संस्था याला अपवाद नाहीत, हिंदू, जैन आणि इतर संस्थाही नाहीत, आणि राजकीय पक्ष तर मुळीच नाहीत. इस्पितळात फळवाटप होते तेव्हा खाटेवरच्या रुग्णाला केळे धरून कॅमेऱ्याकडे बघायला लावतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असे काहीही वृत्तपत्रात छापण्यास मनाई आहे. तरीही अशी छायाचित्रे छापली जातात, कारण त्या चित्रातले मूल कोणाला दिसतच नाही, दिसतो तो फलक. माणूस पाहणे म्हणजे त्याचा चेहरा छापणे, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कृपया घेऊ नये. उलट, ज्याला आपण खरोखर पाहिले त्याचा चेहरा त्याच्या इच्छेविरुद्ध आपण छापणार नाही.

आक्षेप घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. एखाद्या मिशनच्या वसतिगृहाविषयी तक्रार आली तर ती जरूर छापावी, तिची चौकशी व्हावी, दोषी असेल त्याला शिक्षा व्हावी. पण एका ठिकाणच्या दोषासाठी राज्यभरातल्या कुष्ठरोग वॉर्डांत जखमा धुणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला ‘धर्मांतराची हस्तक’ म्हणणे हे पत्रकारितेचे काम नाही. ती परिचारिका कोण आहे, किती पगारावर आहे, तिच्या घरी कोण आहे, या कामात ती का आली, हे एकदा तिलाच विचारावे. ती येशूचे नाव घेईल तर घेऊ द्यावे, कारण तिच्या करुणेचे कारण सांगण्याचा अधिकार तिचा आहे. ती नोकरी म्हणून आले असे म्हणेल तर तेही छापावे.

शेवटी एक प्रत्यक्ष सूचना करतो. महाराष्ट्रात मिशनच्या शाळांत, इस्पितळांत आणि आश्रमांत वाढलेल्या, शिकलेल्या किंवा आयुष्यभर राबलेल्या कितीतरी वृद्ध स्त्रिया आज ऐंशीच्या पुढे आहेत. केडगाव, मिरज, वडाळा, अहिल्यानगर, जालना अशा ठिकाणी आपल्या वार्ताहरांनी त्यांच्याकडे जावे, त्यांची संमती असेल तेवढेच आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, नाव नको असेल तर नाव न घालता छापावे. जिथे माया मिळाली तिथली माया, जिथे छडी मिळाली तिथली छडी, दोन्ही येऊ द्यावे. संस्थेच्या पदाधिकाऱ्याला त्या वेळी शेजारी बसवू नये. पुढच्या एप्रिलमध्ये पंडिता रमाबाईंवर नेहमीचा लेख मागवण्याऐवजी अशा चार जणींची निवेदने आपण छापलीत, तर ती वाचण्यासाठी मी आपला अंक आधीच राखून ठेवायला सांगेन.

आपला,
एक वाचक, दौंड, जि. पुणे